कापूस भरलेला खांदा

अहमदपूरच्या त्या घरातली ब्लाउजं कधी शिंप्याकडं गेली नाहीत. पार्वतीबाई सगळी स्वतः शिवत. संध्याकाळी त्या मठात शिवकीर्तनाला जात आणि पुढं जागा असली तरी शेवटच्या खांबाला टेकून बसत. केवढी नम्र बाई, असं लोकांना वाटायचं.

त्या दुपारी नात अक्षराचं ब्लाउज शिवणं चाललं होतं. उद्या तिचं कुंकू, म्हणजे साखरपुडा. नवरा मुलगा तिचा सख्खा मामा, सोमेश. अक्षराला अठरावं सरलेलं. पाठीचा कणा जन्मापासून वाकडा, डावा खांदा उतरलेला, म्हणून नव्या ब्लाउजात तिथं कापूस भरलेला; आता जिना चढतानाही धाप लागायची. लातूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून विचारलं होतं, "ऑपरेशन लांबवू नका, फुप्फुसाला जागा उरत नाहीये. घरात आणखी कुणाला आहे का?"

"कुणालाच न्हाई," बाप उमाशंकर म्हणाला होता.

"हे रक्तातून येऊ शकतं. आईबाप सरळ असले तरी लेकरात उतरतं. नात्यातच लग्नं होत गेली की भीती वाढते. धाकटीलाही दाखवून घ्या."

पण ऑपरेशनची रेघ पाठभर राहणार. "मग सोमेशबी न्हाई म्हणंल," पार्वतीबाईंनी विषय मिटवला. "घरच्या घरात उरका."

अक्षराची आई जगदेवी भाकऱ्या थापत राहिली. पोटुशी असताना तिनं ग्रहणात गवार मोडली म्हणून पोर वाकडी झाली, हे अठरा वर्षं ऐकून तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. सासू तिची सख्खी आत्या. बोल लावायची तोही हक्कानं.

"अक्षे, सरळ उभी ऱ्हा की गं," पार्वतीबाई म्हणाल्या.

"सरळ ऱ्हाता आलं असतं तर मामाच्या गळ्यात बांधलं असतं व्हय मला?" अक्षरा हसली, आणि हसतानाच तिला धाप लागली.

"लई बोलती. जगदेवी, पेटीतलं मापाचं आण."

जगदेवीच्या हाती तळातलं एक विटलेलं ब्लाउज आलं. अक्षराच्या अंगात ते नेमकं बसलं. त्याच्याही डाव्या खांद्यात पिवळा पडलेला कापूस शिवलेला होता.

"हे कुणाचं, आत्या?"

"ठेव ते जाग्यावर."

"कुणाचं?"

पार्वतीबाईंच्या हातातली सुई थांबली. "माझं. माझ्या आईनं शिवलेलं. तिचीबी पाठ अशीच हुती."

"अन् मला ग्रहण लावलंत?"

"तुझ्या बापाला ठाऊक हुतं, माय. घरातलं घरातच ऱ्हावं म्हणून तर तुला आणली मी."

जगदेवी उठली. अंगणात खेळणाऱ्या आठ वर्षांच्या धाकट्या अंबिकाला तिनं हाक मारली, फ्रॉक वर केला आणि डॉक्टरांनी अक्षराला वाकवलं होतं तसंच वाकवलं. पाठीची उजवी बाजू बोटभर वर आली होती.

जगदेवीनं जो हंबरडा फोडला, तो शेजारपाजारच्यांनी ऐकला. मग तिनं कात्री घेतली आणि नव्या ब्लाउजच्या खांद्यातला कापूस उपसून काढला.

"उद्या कुंकू न्हाई. सोमेशला मी सांगते, माझाच भाऊ हाय. सकाळच्या यष्टीनं दोघींना लातूरला नेणार."

"गेलीस तर ह्या उंबऱ्यात परत पाय ठेवू नको!" उमाशंकर दारातून ओरडला.

"बरं," जगदेवी म्हणाली.

अक्षराला उशीर झाला होता का, अंबिका वेळेत सापडली का, हे तो एक शंभू जाणे.

त्या सांजेला मठात कीर्तन रंगलं. महाराजांनी देहाच्या देवळावर निरूपण केलं, लोक डोलले. शेवटच्या खांबाला आपली वाकडी पाठ टेकून पार्वतीबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या. एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

मायबापहो, आज तुमच्या गावच्या कीर्तनाला बसाल, तेव्हा एकदा मागं वळून बघा.