ठरलेला भाव

सोपान गेला त्याला एकोणीस दिवस झाले होते, आणि त्या सकाळी मोटार आली.

लोणावळ्याला वळवणच्या रस्त्यावर अंबाजी शेळक्याचं घर होतं. माणूस मूळचा बेडशाचा. रेल्वेच्या कामांना दगड पुरवता पुरवता खाणीचा मालक झाला, दोन लॉऱ्या घेतल्या आणि एकुलत्या एका मुलाला पुण्याला कॉलेजात घातलं. तिथं सोपानला मोटारीचं वेड लागलं. साधीसुधी मोटार नव्हे. दोनच माणसं बसतील अशी, बिनछपराची, शर्यतीत पळवतात तसली विलायती. वर्षभर त्यानं बापाचा पिच्छा पुरवला. शेवटी दिवाळीत अंबाजी म्हणाला, "घेऊ. पर भाव मी करनार. तू मधी तोंड घालायचं न्हाई."

सोपाननं पुण्याच्या लष्कर भागातल्या एका मोटारींच्या दुकानाशी पत्रव्यवहार केला आणि पौषातली तारीख ठरवली. मग त्याला विषमज्वर झाला. अकरा दिवस ताप उतरला नाही. बाराव्या दिवशी पहाटे तो गेला. दुकानाला कळवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मोटार लाल होती. ती घेऊन आलेल्या विक्रेत्याचं नाव माधवराव. तिशीचा, धुळीनं भरलेला, आनंदी. कार्ल्याच्या चढावर गाडी कशी सरसर आली हे सांगतच तो ओट्यावर चढला. अंबाजी खुर्चीवर बसला होता. त्यानं समोरच्या बाकाकडे हात केला.

याला सांगायला हवं, असं अंबाजीच्या मनात आलं. पण एकोणीस दिवसांत त्यानं ते कितीतरी जणांना सांगितलं होतं. सांगितलं की माणूस रडायचा, आणि मग अंबाजीलाच त्याच्या पाठीवर हात ठेवून बसावं लागायचं. आज त्याच्यात तेवढं बळ नव्हतं. 

"बेचाळीसशे," माधवराव म्हणाला. "कंपनीचा भाव आहे हा. पुण्यात अशा दोनच गाड्या आल्यात."

 खाली खंडाळ्याच्या बाजूला इंजिनाची शिटी झाली. अंबाजी ती ऐकत राहिला.

"बरं, तुमचं मोठं नाव ऐकून आहे मी. चार हजार करू."

अंबाजी गाडीकडे बघत होता. दिवे मोठे होते. चाकांना सायकलीसारख्या तारा होत्या. हे सगळं त्याला दिसत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात उभं असावं तसं.

माधवराव चुळबुळला. रुमालानं मान पुसत म्हणाला, "अडतीसशे. वर कापडी टप फुकट."

"टायर?" अंबाजी म्हणाला. आपण कसं बोललो, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"टायर नवे आहेत की."

"जादा."

"एक जादा चाक गाडीबरोबरच येतं."

"दोन पायजेत. ह्या रस्त्याला लय खडी हाय."

तीस वर्षं तो दगडाचा भाव करत आला होता. ते काम तोंड आपलं आपण करत होतं. त्याला आत काही हलवावं लागत नव्हतं. हत्यारांची पेटी, दुसरं चाक, पहिल्या वर्षाची दुरुस्ती, एकेक गोष्ट त्यानं मागितली आणि माधवराव देत गेला. मधूनच अंबाजी पुन्हा गप्प व्हायचा, आणि तेवढ्यात भाव खाली यायचा. सदतीसशे. छत्तीसशे. छत्तीसशेवर माधवराव बराच वेळ थांबला. अंबाजी आपल्या हाताच्या नखांकडे बघत होता.

"पस्तीसशे," माधवराव शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "याच्या खाली मात्र मला नोकरी सोडावी लागेल."

"ठीक हाय."

माधवरावानं सुस्कारा सोडला आणि तो हसला. "जबरदस्त आहात बुवा तुम्ही! आता धाकट्या मालकांना बोलवा. सीट त्यांच्या मापानं मागं सरकवून आणली आहे, एकदा बसून बघू देत."

"तो न्हाई."

"बाहेर गेलेत?"

"वारला," अंबाजी म्हणाला. "एकोणीस दिस झालं."

माधवराव रडला नाही. तो बाकावरून उठला, परत बसला. त्याचे हात गुडघ्यांवर तसेच राहिले.

"मला माहीत नव्हतं हो," तो म्हणाला. "तुम्ही बोलत नव्हता, मला वाटलं भाव पाडताय. म्हणून मी… अंबाजीराव, मी गाडी परत नेतो. काही देणंघेणं नको. दुकानात मी सांगतो."

तेवढ्यात दारात रतनबाई आली. सोपानची आई. इतक्या दिवसांत ती ओट्यावर आली नव्हती. मोटारीकडे न बघता ती माधवरावाला म्हणाली, "दादा, त्यानं तुमाला कागद धाडला व्हता न्हवं?"

"हो मावशी. आहे माझ्याजवळ."

"वाचा की. काय लिवलंय?"

माधवरावानं खिशातून पत्र काढलं, मग अडखळला. "त्यात… व्यवहाराचंच आहे सगळं."

"असूं द्या. वाचा."

त्यानं वाचलं. सीट मागे सरकवून हवी, कारण माझे पाय लांब आहेत. पुढचे दिवे मोठे बसवावेत, घाटात धुकं असतं. मग माधवरावाचा आवाज मंदावला. "'आपलं छत्तीसशेला ठरलं आहे, ते पक्कं. पण वडिलांना पहिल्यांदा बेचाळीसशे सांगा आणि हळूहळू खाली या. त्यांना भाव करायला मिळाला नाही तर गाडी त्यांच्या मनाला येणार नाही. तुम्ही थोडी कुरकुर केलीत तर फार बरं. मी त्या वेळी आत बसून ऐकेन.'"

रतनबाईनं पदर तोंडाशी नेला. तिचे खांदे हलले. ती हसत होती की रडत होती, ते अंबाजीला सांगता आलं नसतं.

"त्यो कुरकुरीचा शब्द परत वाचा," ती म्हणाली.

माधवरावानं परत वाचला.

अंबाजीनं ऐकलं. आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, हे त्याला समजत होतं. छातीत मात्र खाणीतल्या धोंड्यासारखं नुसतं जड होतं. तो उठून आत गेला, कपाट उघडलं आणि नोटा घेऊन आला.

"छत्तीसशे हायेत," तो म्हणाला.

"पस्तीसशे ठरले आपले."

"तुमचं माझं ठरलं. त्याचं तुमचं आदी ठरलं व्हतं. त्यानं शब्द दिलाय."

"पण गाडी चालवणार कोण?"

अंबाजीनं नोटा त्याच्यापुढे बाकावर ठेवल्या. माधवरावानं पैसे घेतले आणि पत्र रतनबाईच्या हातात दिलं. दुपारच्या गाडीनं तो पुण्याला गेला. स्टेशनपर्यंत त्याला अंबाजीचा लॉरीवाला महिपती सोडून आला.

गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत राहिली. लोक येऊन बघून जायचे आणि घरी जाऊन बोलायचे. पोर गेलं आणि यानं मोटार घेतली, असं ते म्हणतात हे अंबाजीला ठाऊक होतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. आठ-पंधरा दिवसांनी महिपती म्हणाला, "मालक, उभ्या उभ्या इंजिन अडकंल. आठवड्याला एकदा तरी फिरवाय पायजे." गाडी दोघांचीच. महिपती चालवायला बसला की एकच जागा उरायची. पहिल्यांदा तिथं अंबाजी बसला. नंतर एक दिवस त्यानं महिपतीला खाली उतरवलं आणि स्वतः चाक धरलं. चौपन्न वर्षांचा माणूस. गिअर टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. सीट फार मागे होती, म्हणून तो पाठीशी घोंगडी ठेवून बसायचा. पुढं सरकवून देतो, असं महिपती दोनदा म्हणाला. अंबाजीनं सरकवू दिली नाही.

चैत्रात बेडशाच्या शेतात काहीतरी काम निघालं. "मी येती," रतनबाई म्हणाली. डोक्याला घट्ट पदर बांधून ती शेजारी बसली.  कामशेतच्या अलीकडे गाडीतून वाफ यायला लागली. अंबाजीनं ती रस्त्याकडेच्या करंजाखाली उभी केली, झाकण उघडलं आणि पाणी आणायला डबा शोधू लागला.

"गार हू दे की आपली आपण," रतनबाई म्हणाली. ती उतरून झाडाच्या मुळीवर बसली होती. "या, बसा जरा. कुनी वाट बगतंय व्हय?"

तो तिच्याजवळ जाऊन बसला. समोरच्या वावरात एक बाई शेण्या वेचत होती. ते दोघं तिच्याकडे बघत राहिले.