अक्षताच्या पाळण्याची पोस्ट

मी एक पोस्ट बोलतेय, सोशल मीडियावरची. मला कागद नाही, शाई नाही. हात लावायला गेलात तर मोबाईलची काच लागेल. स्वस्थ बसून आपली कहाणी सांगावी असा माझा स्वभाव नाही. कुणी उघडलं की मी दचकून जागी होते, आणि हल्ली तर कुणी न उघडताही मला जाग येते.

माझा जन्म कोल्हापुरात संघप्रियाच्या मोबाईलवर झाला. माझ्यातले शब्द मात्र गारगोटीचे, तिच्या आईचे, मीनाबाईंचे. वस्तीत बारसं असलं की मीनाबाई त्या बाळासाठी नवा पाळणा रचतात. त्यात त्या बाळाचं घर येतं, आईबापाचे कष्ट येतात. तो पाळणा त्या पुन्हा दुसऱ्या बाळाला म्हणत नाहीत. अंगडं एकाचं दुसऱ्याला चालेल, पाळणा चालायचा नाही, असं त्यांचं ठाम मत.

मी म्हणजे संघप्रियाच्या मुलीचा, अक्षताचा पाळणा. अक्षता दिवस भरायच्या आधीच जन्मली. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि संघप्रिया दाराबाहेर उभी. मीनाबाईंनी तेच गायलं:

काचेच्या पेटीत माझी बाळी गं निजली,
दाराबाहेर आईची चोळी गं भिजली.

बारशाला न आलेल्या पाहुण्यांना वाचता यावा म्हणून संघप्रियानं तो टाइप केला आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवला. पहिले काही दिवस मी काय मिरवले! गडहिंग्लजच्या मावशांनी लाल बदामांचा पाऊस पाडला. संघप्रियाच्या वडिलांनी, आप्पांनी, एका बोटानं कमेंट लिहिली, ‘नात आमची वाघीण. जय भीम.’ त्यानंतर वर्षभरात आप्पा गेले. त्यांनी लिहिलेली तेवढी एकच कमेंट.

मग नेहमीप्रमाणे लोक मला विसरले. माणसं पोस्ट टाकतात तेव्हा जीव टाकतात, आणि चार दिवसांत त्यांना तिचं नावही आठवत नाही. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढे एक दिवस बातमी फिरली की सोशल मीडियावाली कंपनी सगळ्यांना दिसणाऱ्या पोस्टी वाचायला देऊन आपलं एआय शिकवणार. संघप्रिया घाबरली. कुणीतरी पाठवलेला मजकूर तिनं माझ्याखाली चिकटवला, ‘माझं लिखाण वापरायला मी परवानगी देत नाही.’ तिचं बघून मावशांनीही तेच चिकटवलं. माझ्या अंगावर आता अभिनंदनापेक्षा मनाई जास्त. अशानं कुणी थांबतं का? उलट वाचणाऱ्यानं ते सगळंही वाचलं असेल.

तिच्या ऑफिसातल्या सम्राटनं खाली लिहिलं, ‘ताई, असं चिकटवून काय हुत न्हाई. आन् चव्हाट्यावर लिवल्यावर वाचणारच की. हे ॲप फुकट वापरतोय न्हवं आपण?’

‘वाचा की! वाचायला कोण नको म्हणतंय?’ संघप्रियानं उत्तर दिलं. ‘पण माझं उचलून दुसऱ्याला द्यायच्या आधी एका शब्दानं इचारायचं तरी.’

बघता बघता अनोळखी माणसं वादात उतरली. कुणी म्हणालं, यंत्र आपली मराठी शिकेल, चांगलंच आहे. कुणी म्हणालं, ही चोरी आहे. मला दोघांचंही पटायचं आणि मी आणखी अस्वस्थ व्हायचे. मला कुणी नेलं का? नेलं असेल तर माझं काय केलं? नेल्यावर पोस्टीला कुठं दुखतही नाही, त्यामुळे कळायचं तरी कसं?

मग गारगोटीत वस्तीतल्याच राजनंदिनीच्या मुलाचं बारसं आलं. त्रिशरण-पंचशील झालं. मीनाबाई घसा साफ करून उठणार, एवढ्यात बाळाची आत्या स्वप्नाली मोबाईल घेऊन पुढे आली. ‘मावशी, तुमी आज निवांत बसा. मोबाईलातल्या एआयनं झकास पाळणा लिवून दिलाय.’ आणि तिनं सुरू केलं:

काचेच्या पेटीत बाळराजा निजला,
दाराबाहेर आईचा पदर गं भिजला.

‘पेटीत?’ राजनंदिनीनं बाळ छातीशी ओढलं. ‘आमचं पोरगं पेटीत कवा हुतं गं? चांगलं गुटगुटीत जन्मलंय की!’

‘मी न्हाई लिवलं, वैनी,’ स्वप्नाली गोरीमोरी झाली, ‘मोबाईलनं लिवलंय.’

बारशाला आलेल्या संघप्रियानं तिथंच मला उघडलं. एकदा मला वाचलं, एकदा स्वप्नालीचा मोबाईल वाचला. ते माझ्यातूनच गेलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मला तिळमात्र शंका नाही.

मीनाबाई उठल्या. त्या बाळासाठी रचलेला पाळणा त्यांनी म्हटला, पण त्याआधी सगळ्यांना मोबाईल खाली ठेवायला लावले. लेक कोल्हापूरला परत निघाली तेव्हा तिला एवढंच म्हणाल्या, ‘ते मोबाईलवरचं काढ.’

‘आये, त्येच्याखाली आप्पांचं लिवलेलं हाय.’

मीनाबाई आत निघून गेल्या.

कोल्हापुरात आल्यावर संघप्रियानं आप्पांच्या कमेंटचा फोटो काढून ठेवला. तरी तिच्यानं मला काढवेना. अक्षता आता दुसरीत आहे. ती शेजारी बसून मला अक्षर अक्षर लावून वाचत होती.

‘ह्यो माझा पाळणा हाय न्हवं?’

‘व्हय.’

‘मग हितं टाकताना मला कुठं इचारलंतंस?’

कंपनीनं विचारलं नाही म्हणून इतके दिवस भांडत होती संघप्रिया. ती हळूच म्हणाली, ‘न्हाई इचारलं. आता इचारते. काढू?’

‘काढ. आन् त्या मशीनला पण काढायला सांग.’

‘त्येला तसं सांगता येत न्हाई, बाळा.’

‘का?’

संघप्रियानं बटण दाबलं. आता मी डिलीट केलेल्या गोष्टींच्या ढिगात आहे, काही दिवसांत पुरती पुसली जाईन. मला वाचवा असं मी म्हणत नाही. एवढंच मागते, की तुमच्यापैकी ज्या कुणाला त्या ‘का’चं उत्तर माहीत असेल त्यानं त्या पोरीला ते सांगावं. शाळा सुटली की ती घरीच असते.