अकरा घरांतले जंपर

माझे सासरे चौतीस वर्षं वायरमन आहेत, आणि परवान्याच्या परीक्षेत त्यांना चाळीसपैकी सतरा मार्क पडले.

परवान्याचं नूतनीकरण लेखी परीक्षेशिवाय होणार नाही, असा नवा नियम निघाला होता. माशाला पोहायची परीक्षा द्यायला लावतात, असं म्हणत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पेनाशेजारी टेस्टर अडकवून गेले. दुपारी आले ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"पेपर चुकीचा होता."

"सगळा?"

"तेवीस प्रश्न."

सासूबाई पदराआड हसल्या, पण मी हसले नाही, कारण बाबांच्या हातात एक पातळ पुस्तिका होती आणि ती त्यांनी घट्ट धरली होती. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी ती दिली होती. वयाने माझ्याएवढ्याच असतील. 'पाच आठवड्यांनी पुन्हा या, पण हे वाचून या,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. विजेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण दुसऱ्याने लिहिलेलं नीट वाचणं हाच माझा धंदा आहे. बाबांच्या चष्म्याला ती बारीक अक्षरं झेपेनात. म्हणून रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी मी त्यांना दोन पानं वाचून दाखवू लागले. ते समोर बसून जुन्या तारांवरचं प्लास्टिक सोलायचे आणि पुस्तिकेशी भांडायचे.

"जुन्या घराला नवे नियम लागत नाहीत," ते म्हणायचे.

"इथे लिहिलंय, जुन्या घरात जे नवीन काम कराल, त्याला लागतात."

"हे सगळे सल्ले असतात गं. लिहिणाऱ्याने कधी शिडी पाहिलेली नसते."

"बाबा, सल्ला असता तर 'असावे' लिहिलं असतं. इथे 'असलेच पाहिजे' आहे. या दोन शब्दांवरून आमच्या छापखान्यात भांडणं होतात."

एमसीबीच्या, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणाच्या, पानावर तर त्यांनी मला थांबवलंच. एमसीबी तारेला जास्त भारापासून वाचवतो, विजेच्या धक्क्यापासून माणसाला नाही, असं त्या पानावर होतं. एमसीबी पडायला जेवढा करंट लागतो, त्याच्या कितीतरी कमी करंटने माणूस जातो.

"मी लोकांना आजवर सांगत आलो, एमसीबी बसवलाय ना, मग निर्धास्त झोपा," बाबा म्हणाले. "मग माणसाला वाचवतं कोण?"

मी पान उलटलं. "आरसीसीबी. वीज जराशी जरी भलतीकडे गळली, तरी ते पडतं."

"ते? ते सारखं पडायचं. दोन घरांतून मीच काढून टाकलं," असं म्हणून ते हातातल्या तारेकडे बघत राहिले.

नवव्या सकाळी मी वाचलं, "न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी सॉकेटमध्ये कदापि करू नये."

बाबांनी पक्कड खाली ठेवली.

बाबांना हा धंदा त्यांच्या थोरल्या भावाने शिकवला होता. पक्कड कशी धरायची इथपासून गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं इथपर्यंत. सहा वर्षांपूर्वी ते गेले. 'दादा म्हणायचा' असं बाबांनी म्हटलं की आमच्या घरी तो विषय संपायचा. आणि दादा म्हणायचा, न्यूट्रल आणि अर्थ सख्खे भाऊ, शेवटी एकाच मातीत जातात. घरात गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार नसली तर सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला एक छोटा तुकडा जोडून द्यायचा. त्याला ते जंपर म्हणत. गिऱ्हाइकाचा खर्च वाचतो, तीन पिनांचं यंत्र चालू होतं, आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

"का नाही करायचं, ते लिहिलंय का?" बाबांनी विचारलं.

लिहिलं होतं. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार मागे कुठे तुटली, तर त्या जंपरमधून यंत्राच्या पत्र्यावर पूर्ण दाबाची वीज येते.

बाबा उठले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर लाकडी फळी ठेवली, तिच्यावर सॉकेट आणि बल्ब जोडला, आणि अर्थच्या पिनेपासून एक तार सासूबाईंच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला लावली. सॉकेटमध्ये दादाच्या पद्धतीचा जंपर. बटण दाबलं, बल्ब लागला. डब्याला टेस्टर लावला, तर टेस्टर गप्प.

"बघ," ते म्हणाले.

मग मेन बंद करून त्यांनी न्यूट्रलची तार मागून सोडवली, आम्हा दोघींना लांब उभं केलं आणि पुन्हा वीज चालू केली. बल्ब लागला नाही. एमसीबी हलला नाही. टेस्टरचं टोक त्यांनी डब्याला लावलं आणि टेस्टर लख्ख पेटला.

सासूबाईंनी डब्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप मागे गेला.

"आणि आरसीसीबी उगीच पडत नव्हतं," बाबा हळू आवाजात म्हणाले. "ते मला हेच सांगत होतं."

मग ते बोटं मोजू लागले. मोठा दरवाजा असलेलं घर, जिन्यात सायकली लावतात ते, डॉक्टरांच्या वरचं. बाबांना गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत, पण जिने आठवतात. अकरा घरं निघाली.

"जाऊन येतो सगळीकडे," ते म्हणाले.

"आपली चूक आपणच दारोदार सांगत फिरणार?" सासूबाईंनी विचारलं. "लोक कामं द्यायचे बंद होतील."

"होऊ देत."

सासूबाईंनी डबा पुसून जागेवर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सूनबाईला बरोबर न्या. तुम्हाला नीट सांगता येत नाही. तुम्ही एकदम तारेवरच येता."

पहिलं घर दादांचंच होतं, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. काकू, म्हणजे बाबांच्या वहिनी, तिथे एकट्या राहतात. बाबा दारात उभे राहून तिसऱ्याच गोष्टी बोलत राहिले. शेवटी मीच सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ह्यांनी चुकीचं शिकवलं?"

बाबांनी खाली मान घातली. "वहिनी, दादाने मुद्दाम नाही..."

"ह्यांना कुणी शिकवलं होतं?"

"एक कंत्राटदार होता."

"आणि त्याला?"

"ते काय माहीत."

"मग कुणाकुणाला धरून बसणार, भावोजी? फ्रिजपासून सुरुवात करा. भाजी मी बाहेर काढून ठेवते."

जंपर काढणं पाच मिनिटांचं काम. पण नुसता तो काढून भागत नाही, खरी अर्थिंग आणावी लागते. बाबांनी खालच्या मीटरच्या खोलीतल्या अर्थिंगच्या पट्टीपासून हिरवी तार वर आणली, ती तपासून घेतली, तेव्हा कुठे जेवले. काकूंनी त्यांना दोनदा वाढलं. दादांचा विषय पुन्हा निघाला तो त्यांच्या घोरण्यावरून, आणि दोघंही हसले.

पुढचे रविवार आम्ही घरं गाठत गेलो. एक घर पाडलेलं होतं. दोघांनी आधीच दुसऱ्याकडून सगळं बदलून घेतलं होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी दाराची साखळीसुद्धा काढली नाही.

"अठरा वर्षं काही झालं नाही," ते आतून म्हणाले.

"अठरा वर्षं तार तुटली नाही, एवढंच," बाबा म्हणाले.

दार बंद झालं. बाबांनी आपला फोन नंबर लिहून दाराच्या फटीतून आत सरकवला.

चौथ्या रविवारी आम्ही सायकलींच्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे एक बाई लोकांचे कपडे धुऊन द्यायचं काम करायच्या. खोलीभर दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी आणि कोपऱ्यात वॉशिंग मशीन. मशीनसमोर लाकडी पाट, पाटावर रबरी चपलांचा एक जोड.

"या चपला इथेच का?" मी विचारलं.

"मशीन चावतं ना," बाई सहज म्हणाल्या. "सगळ्यांचीच चावतात. चपला घालायच्या, पाटावर उभं राहायचं. तरी मी आधी उलट्या हाताने थोपटून बघते, आज कशी मर्जी आहे ते."

"कधीपासून चावतं?"

"वर्ष झालं असेल. हल्ली जरा जास्त."

बाबांनी त्यांना मशीनपासून लांब व्हायला सांगितलं. आवाज चढवला नव्हता, पण बाई लगेच बाजूला झाल्या. मेन बंद करून त्यांनी सॉकेट उघडलं. आत जंपर होता, बाबांच्याच हाताचा. पण ते बघत होते ते मागच्या जोडाकडे. न्यूट्रलची तार तिथे काळी पडली होती आणि तिच्या दोन-तीन बारीक काड्याच उरल्या होत्या. बाबांनी बोट लावलं तर त्याही तुटल्या.

"बाई, हे मी केलेलं काम आहे," बाबा म्हणाले. "आणि ते चुकीचं होतं. ही तार आज ना उद्या तुटली असती. मग चपलांनी काही वाचवलं नसतं, कारण दुसरा हात कधी नळाला लागतो, कधी ओल्या भिंतीला."

बाई पाटावर बसल्या. "माझी आई अनवाणीच असते," त्या म्हणाल्या. "मशीनमधले कपडे काढायला तीच येते."

बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. नवी न्यूट्रल, खालून वर हिरवी तार, मेनपाशी आरसीसीबी. त्याचं चाचणीचं बटण दाबून त्यांनी बाईंना दाखवलं, महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडलं पाहिजे. "हा शेजारचा एमसीबी तारेचा वॉचमन. हा माणसाचा. दोघांची ड्युटी वेगळी."

मग मशीन चालू केलं. बाईंनी सवयीने उलटा हात पुढे केला, थोपटलं, थांबल्या. पुन्हा थोपटलं. मग हात सुलटा करून तळवा पूर्ण टेकवला आणि तसाच ठेवला. मशीनच्या थरथरीबरोबर त्यांच्या बांगड्या किणकिणत होत्या.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

उतरताना बाबा जिन्यात दोनदा थांबले. मला वाटलं दमले असतील. पण ते म्हणाले, "नापास झालो नसतो तर?" आणि मी काही बोलायच्या आत पुढे चालू लागले.

दुसऱ्या खेपेला त्यांना छत्तीस मार्क पडले. राहिलेले चार प्रश्न पेपरचे चुकले, असं मात्र ते म्हणाले नाहीत. अकरा घरांचं ऐकून परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं की परवान्यासाठी शनिवारी भरणाऱ्या वर्गात येऊन वायरमन लोकांशी बोलाल का. मी आणि सासूबाई मागच्या बाकावर जाऊन बसलो. तीसेक माणसं होती. बहुतेकांची तोंडं 'हे मला काय शिकवणार' अशी.

बाबा तारेवरच आले. "मी अकरा घरांत सॉकेटमध्ये जंपर मारले होते," ते म्हणाले. "तुमच्यापैकी किती जणांनी मारलेत?"

कुणीतरी हसलं. मग हसू विरलं. खिडकीपाशी बसलेल्या, केस पिकलेल्या एका वायरमनने हात वर केला, खांद्यापर्यंतच. मग आणखी एकाने. मी मोजायचं सोडून दिलं.

"माझी तर शंभरावर घरं असतील," खिडकीपाशी बसलेला म्हणाला. "लोक दारात उभं करतील का?"

"एकाने केलं नाही," बाबा म्हणाले. "परवा त्यांचा फोन आला. कधी येताय म्हणून विचारत होते. तुम्ही कुठे राहता?"

त्या माणसाने पत्ता सांगितला. आमच्यापासून बसचे तीन थांबे. त्या रविवारी ते दोघं शिडी घेऊन बाहेर पडले, आणि मी महिन्याभरात पहिल्यांदाच नऊपर्यंत झोपले.