कौमुदीबाईंचे पोहे आणि बायांचं उपोषण

चौबे कॉलोनीच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बायांना जागा खाली करायचा हुकूम आला, तसं समोरच राहणाऱ्या कौमुदीबाईंचं रक्त तापलं. बाया मांडव घालून उपोषणाला बसल्या आणि कौमुदीबाईंनी, कुणाला काही न विचारता, पातेलंभर तर्रीपोहे केले. विदर्भातल्या माणसाला दुसऱ्याच्या अडचणीत आधी पोहेच सुचतात, त्याला इलाज नाही.

त्या मांडवात शिरल्या, तर वास त्यांच्याही आधी पोहोचला. उपाशी बायांच्या माना वळल्या. शेजारी एक पत्रकार मोबाईल घेऊन उभाच होता. बायांच्या पुढारी अंजनाबाई धावत आल्या आणि त्यांनी पदरानं पातेलं झाकलं.

"दीदी, काय करून राहिल्या! फोटो निघाला तर लोक म्हणतीन, खाऊन-पिऊन उपोषण चालू आहे. जागा तर जाईनच, इज्जतही जाईन."

कौमुदीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पातेलं घेऊन त्या घरी गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या. मग त्यांनी स्वभावाला न शोभणारी गोष्ट केली. त्यांनी विचारलं.

"मंग मी काय करू? तुमीच सांगा."

अंजनाबाई घुटमळल्या. "राग नका मानू. बाया पाणीच पिऊन नाही राहिल्या. जायचं कुठं? काल आमची प्रेमला चक्कर येऊन पडली. असंच चाललं तर मांडव उठवा लागन. तुमचा संडास वापरू द्यान का?"

कौमुदीबाईंच्या घरी भांडेवालीलाही तिथं जायची मुभा नव्हती. सासूबाईंचा नियम त्यांनी गुमान पाळला होता. आज त्यांना त्याची लाज वाटली, चांगली कानापर्यंत वाटली.

"हव," त्या म्हणाल्या. "अन् दरवेळी विचारू नका. सरळ या."

घरात नुसती वर्दळ सुरू झाली. यजमान यशवंतराव आधी पेपरामागे तोंड लपवून बसले, मग स्वतःच बादल्या भरू लागले. बाया पोटभर पाणी पिऊ लागल्या आणि उपोषण टिकलं. शेवटी पालिकेचे साहेब मांडवात आले, जागा तिथंच राहील म्हणून सांगून गेले.

अंजनाबाई माईकवर बोलत होत्या. यशवंतरावही घराला कुलूप लावून, किल्ली बायकोच्या हाती देऊन टाळ्या वाजवायला आले होते. कौमुदीबाई मागं, चपलांजवळ उभ्या होत्या आणि मनातून फार खूश होत्या. तेवढ्यात पत्रकारानं त्यांना गाठलं.

"दीदी, आप भी कुछ बोलिए. सुना है, आपने बहुत मदद की."

"अंजनाबाई बोलून राहिल्या ना, त्यांचंच ऐका," कौमुदीबाई म्हणाल्या. "मले जाऊ द्या. प्रेमला फाटकापाशी उभी आहे आणि किल्ली माझ्याजवळ आहे."