अधिक-उण्याच्या आड

मी शिसं मोजणारा मीटर बोलतोय. जेवणाच्या डब्याएवढा माझा आकार. अंगावर रबराचं जाड कव्हर, पोटात पाणी ओतायची काचेची नळी आणि तोंडावर आकडे दाखवणारी खिडकी. एवढ्याशा जीवाला लाज ती कसली, असं तुम्हाला वाटेल. पण लाजेला जागा थोडीच लागते!

जन्मलो तेव्हा मला तपासणाऱ्या कारागिराने एकाच बाटलीतलं पाणी पुन्हा पुन्हा पाजलं. दर वेळी मी जरासा वेगळा आकडा सांगितला. म्हटलं, संपलं, आता हा आपल्याला भंगारात काढणार. पण तो शांतपणे म्हणाला, "सगळे असेच असतात," आणि त्याने माझ्या पाठीवर 'अधिक-उणे दोन' अशी चिठ्ठी चिकटवली. म्हणजे मी अकरा म्हटलं, तर खरा आकडा नऊ ते तेराच्या मध्ये कुठंही असू शकतो. मला त्या चिठ्ठीचा केवढा अभिमान होता! आपली चूक किती होऊ शकते हे पाठीवर लिहून हिंडणारा एक तरी माणूस तुम्ही पाहिलाय का?

पुढे मी पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत आलो. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंच्या हाती पडलो, हे माझं नशीब. सगळं ऑफिस त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. त्या मला शुद्ध पाण्याने धुवायच्या, मऊ कापडाने पुसायच्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत माझ्याकडे टक लावून बसायच्या. बाकीच्यांचं काय सांगू! आकडा मनासारखा आला की "वा, झकास चालतोय." नाही आला की माझ्या डोक्यात टपली. चांगल्या आकड्यासाठी मी कधी टपली खाल्ल्याचं आठवत नाही.

एकदा बाई मला घेऊन एका वस्तीत गेल्या. शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवणारा कारखाना होता आणि वस्तीच्या टोकाला बोअरचा नळ. नळाला लागूनच एका मावशींचं पाळणाघर. आत दोरीवर दुपटी वाळत होती, खिडकीत दुधाच्या बाटल्या पालथ्या घातल्या होत्या. मावशींच्या कडेवर त्यांची नात होती. तिचं तोंड क्षणभर मिटत नव्हतं, म्हणून तिला सगळे 'टकळी'च म्हणायचे. "हे काय? हे का? हे कुणाचं?" असं करत माझ्याकडे बोट दाखवून तिने बाईंना पार भंडावून सोडलं. मला मात्र मजा वाटली. इतकी चौकशी माझी कुणी केली नव्हती.

बाईंनी नळाचं पाणी घातलं आणि मी अकरा दाखवला. कायद्याची मर्यादा दहा.

"चालेल ना हो पाणी?" मावशींनी विचारलं. "पोरांच्या दुधाला हेच वापरते मी. उकळून घेते."

उकळून शिसं जात नाही. उलट पाणी आटतं आणि शिसं आहे तेवढंच राहतं. बाईंना हे ठाऊक होतं. पण अहवाल मंजूर होईपर्यंत कुणापाशी काही बोलायचं नाही, असा ऑफिसचा कडक नियम होता. बाई माझ्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आत्ता नक्की काही सांगता येत नाही, मावशी. अजून तपासावं लागेल."

"मग काही काळजी नाही," मावशी म्हणाल्या. "वाईट असतं तर तुम्ही सांगितलंच असतं की."

बाईंनी माझी नळी रिकामी केली. त्यांनी मला पिशवीत घातलं आणि चेन ओढली.

मग अहवाल मंजूर करणाऱ्या समितीची बैठक झाली. मला टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं, चहाच्या कपांशेजारी.

"अकरा उणे दोन, नऊ," अध्यक्ष साहेब म्हणाले. "म्हणजे मर्यादेच्या आत."

"अकरा अधिक दोन तेराही होतात, साहेब," बाई म्हणाल्या.

"होतात, पण सिद्ध कुठं होतात? संशयाचा फायदा द्यावा लागतो, बाई."

"कुणाला? पाणी पिणाऱ्यांना तर तो मिळत नाहीये."

कुणीतरी उगाचच चहा ढवळला. साहेब वाईट माणूस नव्हते हो, पण कोर्टाला घाबरून होते. म्हणाले, "नळ बंद केला की पाणी वाईट आहे, हे आपणच कबूल केल्यासारखं होतं, मग कारखानाही बंद करावा लागतो. कारखानदार उद्या कोर्टात खेचेल. कामगार दारात येऊन बसतील. तेव्हा तुम्ही काय दाखवणार?" आणि त्यांनी मला उलटं केलं, माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हे बघा. यंत्र स्वतःच सांगतंय, माझ्यावर विसंबू नका म्हणून."

अहो, असं मी कधी म्हटलं? मी म्हटलं होतं, धोका नवापासून तेरापर्यंत कुठंही असेल, सांभाळा! पण मला वाचा कुठली? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईही खाली मान घालून बसल्या. 'फेरतपासणी करावी' असं ठरलं आणि सगळे जेवायला गेले.

मग फेऱ्यांवर फेऱ्या सुरू झाल्या. कधी मी बारा म्हणायचो. साहेब त्यातून दोन वजा करायचे आणि म्हणायचे, झालेच की दहा. कधी नऊ म्हणायचो. तेव्हा नऊ अधिक दोन अकरा होतात, हे कुणालाच आठवायचं नाही. नऊ म्हटलं की मी एकदम भरवशाचा!

दर फेरीला मावशी तेच विचारायच्या आणि बाई तेच उत्तर द्यायच्या, फक्त आवाज आणखी बारीक व्हायचा. एकदा टकळी माझ्यासमोर येऊन बसली, माझ्याकडे बघत राहिली आणि काहीच विचारलं नाही. मला वाटलं, पोर शहाणी झाली. सांगायलाही शरम वाटते.

तिचं पोट दुखायला लागलं, अन्न जाईना, तेव्हा मावशींनी तिला दवाखान्यात नेलं. रक्तात शिसं निघालं; पोरीचं बोलणं त्यानेच आटवलं होतं. मग पाळणाघरातल्या सगळ्या पोरांचं रक्त तपासलं. एकही पोर सुटलं नव्हतं.

समिती पुन्हा बसली. साहेबांनी आकडे वाचले, चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "आता शंका उरली नाही." त्याच दिवशी नळाला सील लागलं आणि कारखान्याला टाळं.

काही दिवसांनी मावशी प्रयोगशाळेत आल्या. टकळी कडेवर होती, खांद्यावर मान टाकून. बाई माझी नळी धूत होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या.

"तुम्हाला नक्की माहीत नव्हतं, हे कबूल," मावशी म्हणाल्या. "मग 'माहीत नाही, तोवर पाजू नका' एवढं तरी म्हणायचं होतं! पलीकडच्या रस्त्यावर धरणाचं पाणी येतं. चार बादल्या जास्त वाहिल्या असत्या मी. हात काय मोडले असते माझे?"

बाईंना रडू आवरेना. "चुकलं माझं, मावशी."

"ही पुन्हा बोलेल ना पहिल्यासारखी?"

बाईंनी डोळे पुसले आणि टकळीच्या पाठीवरून हात फिरवला. "नक्की नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. हेही खरंच होतं. मावशी टकळीला सावरून घेत निघून गेल्या.

मी अजून कामावर आहे. ऑफिसात आता माझं कौतुक होतं. म्हणे, यानेच सगळ्यांच्या आधी अकरा सांगितला होता. त्यांनी कौतुक केलं की मला पिशवीत तोंड लपवावंसं वाटतं.

तुमच्यापैकी कुणी उद्या समितीत बसेल, कुणाच्या दारात नळ असेल. हात जोडून एवढंच मागणं आहे. माझ्या पाठीवरची चिठ्ठी खरी आहे, ती खोडू नका. पण तिच्याआड लपूही नका. मी जन्मभर अधिक-उणेच बोलणार. पाजायचं की थांबायचं, ते मात्र तुम्हीच ठरवायचं. खात्रीची वाट बघत बसू नका. ती आम्हाला एकदा मिळाली होती. पोरांच्या रक्तात मिळाली.