टंपचे टीकेक

माझ्या सासूबाईंसाठी, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या ओझेलाबाईंसाठी, मी त्या मे महिन्यात तिसरी दफनभूमी पालथी घालत होते. नवऱ्याचा गुडघा दुखतो, पण तो गाडी चालवायची म्हटली की जास्तच दुखतो. म्हणून ही कामगिरी सुनेकडे आली.

सासूबाई चार वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. आत्यानं त्यांना मोबील शहरात आणलं आणि त्यानंतर त्या घरात गावाचं नावसुद्धा निघालं नाही. आईचं नाव लुक्रीशिया आणि ती अलाबामातल्या याच भागातली, एवढंच हाती होतं. तिची कबर सापडावी आणि आपले डोळे मिटायच्या आत तिथं नावाचा दगड बसावा, एवढी एकच इच्छा या बाईंची उरली होती. बाकीच्या इच्छा त्या रोज सकाळी माझ्याकडून पुऱ्या करून घेतात.

आईची म्हणून त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती, टीकेक. तळहाताएवढी मऊ, जाड, गोड बिस्किटं. आमच्याकडे ती घरोघरी होतात, पण सासूबाई काकवीच्या पिठात मिरपूड घालतात. आईच्या हातची चव तशीच आठवते म्हणतात. माझ्या मुलांनी ती चोरून कुत्र्याला घातलेली आहेत.

तो कबरी सजवायचा रविवार होता. चर्चमागे लोकांनी गवत खरवडून माती झाडून काढली होती, कबरींवर फुलं ठेवली होती आणि झाडाखालच्या लांब टेबलावर तळलेली कोंबडी, पाल्याची भाजी, मक्याचा पाव मांडून झाला होता. चर्चच्या यादीत लुक्रीशिया नव्हती. मी दोनदा बघितलं.

"चला आई, जेवून निघू," मी म्हटलं.

"रिकाम्या हातानं कसं जेवायचं?" असं म्हणून सासूबाईंनी आपला डबा टेबलावर उघडला.

टेबलाच्या टोकाला आर्नेटाबाई बसल्या होत्या. वय एक्क्याण्णव. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाच्या ताटात काही पडत नव्हतं.

"कुणाच्या गं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"तेच शोधतोय," मी म्हणाले.

त्यांनी एक टीकेक तोडून तोंडात टाकला आणि चावता चावता त्या थांबल्या. "यात मिरी कुणी घातली?"

"मी," सासूबाई जरा फणकाऱ्यानं म्हणाल्या. "माझ्या आईची तऱ्हा आहे. लुक्रीशियाची."

"कोण लुक्रीशिया? ही मिरी टंपची. तिची एकच पोर होती, झेला. तिला मोबीलची आत्या घेऊन गेली."

सासूबाईंनी टेबलाची कड धरली. "मीच झेला."

आर्नेटाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कागदावरच्या नावानं शोधलंस तर कशी सापडेल? इथं सगळे टोपणनावानंच ओळखतात, मला आर्नेटा म्हणून फक्त पोस्टमन हाक मारतो."

काठी टेकत त्या आम्हाला पार कोपऱ्यातल्या देवदारापर्यंत घेऊन गेल्या. तिथं सिमेंटची एक छोटी लादी होती, भोवतालची माती स्वच्छ झाडलेली. ओल्या सिमेंटवर बोटानं लिहिलेलं होतं, 'टंप'.

"सिमेंट माझ्या बाबांनी ओतलं. अक्षर माझं, अकरा वर्षांची होते," आर्नेटाबाई म्हणाल्या. "दर मे महिन्यात आमच्याच घरचे ही जागा झाडतात."

सासूबाई वाकल्या आणि त्या चार रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "पण ती मिरी का घालायची?"

"हिच्यामुळे. आम्ही पोरं शेतावरून येईपर्यंत टंपनं आमच्यासाठी ठेवलेला डबा ही फस्त करून बसायची. तिखट लागलं तर हात लावणार नाही म्हणून टंपनं मिरी घातली. तर ही रडत रडत खायची, पण खायची. आमच्या वाट्याला भुगा." त्या सासूबाईंकडे वळल्या. "फार वाह्यात कार्टी होतीस तू."

आमच्या सासूबाई नाकावर माशी बसू देत नाहीत. आता ठिणगी पडणार म्हणून मी पुढं झाले.

पण त्या डोळे पुसत हसत होत्या. "अजून सांग," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली, माझ्या लहानपणाची तक्रार करणारं माणूस मला कधी भेटलंच नव्हतं."

मी टेबलाजवळून दोन खुर्च्या उचलून आणल्या. कुठल्याशा बकरीच्या प्रकरणापासून तक्रारींना सुरुवात झाली.