हॉस्टेलचा कोट

"हात घाल लवकर, गार व्हायच्या आत," असं म्हणत मुलाखतीहून बाहेर आलेल्या लंबूने अंगातला काळा कोट काढून पंपापुढे धरला.

पंप म्हणजे चांगला हाडामांसाचा माणूस. बाप पंपदुरुस्तीवाला, आणि हा बोलायला लागला की हवा धरलेल्या पंपासारखा नुसता धडधडायचा, पाणी काही यायचं नाही. म्हणून हॉस्टेलने हे नाव चिकटवलं. तसा पोरगा हुशार. त्याने लिहिलेला प्रोग्रॅम सर वर्गाला दाखवायचे. पण मुलाखतीत कुणी "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं, की 'व'वर गाडी अडायची. "माझे व... व..." करेपर्यंत समोरचे घड्याळाकडे बघू लागायचे. एकेक करत सगळ्या कंपन्या येऊन गेल्या. आजची शेवटची. आज नाही जमलं तर बापाच्या दुकानात पाना हातात घ्यायचा, आणि नेमकं तेच बापाला नको होतं.

कोट होता हॉस्टेलच्या मालकीचा. तो कधी धुवायचा नाही, आणि मुलाखतींच्या दिवशी रिकामा ठेवायचा नाही, अशी रीत पडलेली. एकाने काढला की दुसऱ्याने लगेच घालायचा. मूळ ज्याचा होता त्या मुलाची मुलाखत म्हणे राहूनच गेली. आदल्या दिवशी तापाने गेला बिचारा. पोरं हे हसण्यावारी न्यायची, पण कोट मात्र घालायची, कारण त्याने कुणाला हात हलवत परत पाठवलं नव्हतं. पंपाला तो नको वाटायचा. दुसऱ्याच्या अंगाची ऊब अंगावर घ्यायची म्हणजे कसंतरीच. पण आज अडला हरी.

"काय विचारलं तुला?" त्याने लंबूला विचारलं.

"स्वतःबद्दल."

"मग तू काय सांगितलंस?"

लंबू जरा गोंधळला. "खरं सांगू? आठवतच नाही रे. पण खूश होते. जागेवर निवडलं मला."

पंपाने कोट चढवला. लंबू ताडमाड, हा बुटका. पण बाही लंबूला आखूड झाली नव्हती आणि यालाही लांब झाली नाही. मनगटावर अगदी बरोबर बसली. हे त्याच्या लक्षात आलं तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

आत एक सर होते आणि एक चष्मेवाल्या बाई. बाई म्हणाल्या, "बसा. स्वतःबद्दल सांगा."

आणि तो धो धो बोलायला लागला. कॉलेजबद्दल, प्रोजेक्टबद्दल, पुढे काय करायचंय त्याबद्दल. वाक्यं आधीच घोटून ठेवल्यासारखी एकामागून एक येत होती. "मी आठवीत असताना माझे वडील वारले. आईने शिवणकाम करून वाढवलं. हा कोटही तिनेच शिवलाय." बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले.

पंपाने स्वतःचंच बोलणं ऐकलं. वडील म्हणताना 'व' अडला नव्हता. उभ्या जन्मात हा शब्द त्याच्या तोंडून इतका सहज निघाला नव्हता. त्याला ओरडून सांगायचं होतं की नाही हो, आहेत माझे वडील. पण जीभ ऐकेना. ती गोड हसून आभार मानत होती.

"अभिनंदन," सर म्हणाले. "बाहेर थांबा, पत्र देतो."

बाहेर येताच त्याने कोट ओरबाडून काढला, बाकावर फेकला आणि बापाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. बाप दुकानात असताना फोन उचलत नाही असं सहसा व्हायचं नाही. आपण काय अभद्र बोलून बसलो, असं म्हणत तो दाराकडे वळला.

"अरे, कुठे निघालास परत?" लंबू म्हणाला. "लागली ना नोकरी तुला?"

तो ऐकायला थांबलाच नाही. घामाने भिजलेल्या शर्टातच दार ढकलून आत गेला. "म... मघाशी मी चुकीचं बोललो, सर. माझे व... व..."

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"मघाशी म... मीच बसलो होतो इथे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही नव्हता," सर सौम्यपणे म्हणाले. "आईने शिवलेला कोट घातलेला तो मुलगा उंच होता. आणि किती छान बोलत होता."

"माझे व... व... वडील आहेत," पंपाने शेवटी ओढून काढलं. "जि... जिवंत आहेत."

"बरं," बाई आजाऱ्याची समजूत घालावी तशा म्हणाल्या. "दार लावून घ्या जाताना."

बाहेर लंबू भिंतीला चिकटून उभा होता. "मी हात नाही लावला," तो पुटपुटला. बाकावर फेकलेला कोट आता ताठ बसला होता. बटणं लावलेली, दोन्ही बाह्या पुढे मांडीवर ठेवल्यासारख्या. वाट बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. बाप होता.

"अरे, हात ऑइलने भरले होते. काय झालं?"

पंपाने तोंड उघडलं. नुसती हवा. आतून सरांनी पत्रासाठी नाव पुकारलं, पंपाचंच. तो आत गेला नाही. जमिनीवर बसून त्याने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे कुठलातरी पंप धडधडत होता. बापाने घाई केली नाही. कधीच करायचा नाही.

"हवा धरली का, बाळा?" बाप म्हणाला. "निघू दे सावकाश. मी आहे."